सोळा बॅटऱ्यांची खोली

खिडकीच्या चौकटीखाली भिंतीवर ओलीचा एक पट्टा होता. डावीकडे तो चार बोटं खाली उतरला होता, उजवीकडे दोन. वरचा भाग गडद होता आणि खाली येता येता रंग फिका होत गेला होता. म्हणजे पाणी वरून आलं होतं, जमिनीतून चढलेलं नव्हतं. धाकटीनं बोट लावून पाहिलं. चुना बोटाला लागला, थंड आणि मऊ.

"छप्पर गळतं का, काका?"

"पावसाचा पत्ता नाही. गळणार काय, ऊन?" काका म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. दवाखान्यातला वजनकाटा त्यांच्यापुढे उघडा पडला होता आणि ते डाग देण्याच्या कांडीनं त्यातली एक तार जोडत होते. धुराची बारीक रेघ छतापर्यंत सरळ गेली. खोलीत वारा नव्हता, तरी गरम होत नव्हतं.

धाकटीनं दाराजवळचा तापमापक पाहिला. सत्तावीस पॉइंट एक. सकाळचे दहा वाजले होते आणि बाहेर चौतीस अंश होतं. तिनं आकडा लिहून घेतला.

सभागृहाला लागून असलेली ही काकांची खोली, दहा बाय बाराची. गावातल्या बैठका, लग्नं, मुलींचे शिवणवर्ग, आठवड्यातून दोन दिवस दवाखाना, सगळं भिंतीपलीकडच्या त्या मोठ्या दालनात चालायचं. वीज मात्र दिवसातून चार-पाच तास जायची. तशी ती गेली की लोक खिडकीवर टकटक करायचे, म्हणून गावानं काकांना फ्यूजकाका हे नाव ठेवलं होतं. वीज वरूनच गेलेली असली तर फ्यूज बदलून काही होत नाही, हे त्यांनी एकोणतीस वर्षांत किमान हजार वेळा सांगितलं असेल. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी एका बाईच्या तळपायाला मोबाइलच्या उजेडात टाके घातले, आणि सभागृह समितीनं सौर विजेचा ठराव एका बैठकीत मंजूर केला. काम धाकटीच्या कंपनीकडे आलं. गाव तिचंच म्हणून कंपनीनं तिलाच पाठवलं.

पॅनेल वर चढली होती. बॅटऱ्या परवा यायच्या होत्या. सोळा, ॲसिडच्या, मोठ्या. त्यांना थंड, कोरडी, कुलूप लागेल अशी खोली हवी होती, आणि त्या खोलीत कुणी झोपायचं नव्हतं, कारण चार्ज होताना त्यातून वायू सुटतो. धाकटीनं दोन आठवड्यांपूर्वी काकांना फोन करून सभागृहातल्या चार जागांचं दुपारी दोनचं तापमान रोज लिहून ठेवायला सांगितलं होतं. काकांनी बारा दिवस लिहिलं, एकही दिवस न चुकवता. तिनं सरासरी काढली. सगळ्यात थंड खोली काकांची निघाली. तसा अहवाल तिनं समितीला पाठवला.

"तुम्ही काही बोलला नाहीत," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"खोलीबद्दल."

"आकडे मागितलेस, आकडे दिले." काकांनी कांडी स्टँडवर ठेवली. "तू आलीस की मला खोली सोडावी लागते. दोनदा झालं."

उद्याही ऊनच आहे, हे ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात ते हे बोलले. पहिल्या वेळी ती जन्मली होती. घरातली मधली खोली तेव्हा काकांची होती. बाळंतिणीला ती हवी होती, म्हणून ते एक खाट आणि एक पेटी घेऊन इथे आले होते. महिन्या-दोन महिन्यांसाठी.

"मास्तर पाच वाजता येणार आहेत," धाकटी म्हणाली. मास्तर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक आणि समितीचे सचिव. "खोली कधी मोकळी होईल ते त्यांना सांगायचंय."

"आणि मी कुठे जाणार ते?"

"ते घरचं आहे असं म्हणाले ते."

"हुशार आहेत मास्तर," काका म्हणाले आणि वजनकाट्याचं झाकण लावू लागले.

*

दादा पत्र्यावर पालथा पडून शेवटचे नट आवळत होता. तो सुतार होता. लोखंडाचं काम त्याचं नव्हे, पण कंपनीची माणसं पॅनेलच्या पट्ट्या दोन सेंटिमीटर तिरक्या लावून गेली होती आणि ते त्याला बघवलं नव्हतं. बहीण शिडी चढून वर आली ते त्यानं पाना वाजवायचा थांबवून ऐकलं.

"आलीस? टोपी घाल. डोकं तापेल."

"दादा, काकांचं काय ठरलं?"

"मी तुलाच विचारणार होतो."

"मला?"

"तू शहरात दोन खोल्यांत एकटी राहतेस. त्यांना तिथं काय कमी? खाली दुकानं, दवाखाने. त्यांचे गुडघे बघ, इथे कोण आहे बघायला?"

"मी महिन्यातले वीस दिवस कुणाच्या तरी छपरावर असते. त्यांना कुलूप लावून जाऊ?"

दादानं नट आणखी अर्धा वेढा फिरवला. तेवढा फिरायची गरज नव्हती. त्याला उत्तर आधीच माहीत होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की आपलं ओझं जरा हलकं होतं, म्हणून त्यानं विचारलं होतं.

"घरी मधली खोली आहे," धाकटी म्हणाली.

"मधल्या खोलीत तुझ्या वहिनीची शिवणाची पाच मशिनं आहेत. ते तिचं पोटपाणी आहे. शाळेचे अडीचशे गणवेश महिनाअखेर द्यायचेत. मी तिला काय सांगू, मशिनं अंगणात मांड?"

"आई काय म्हणते?"

"आई म्हणते तुम्ही ठरवा." त्यानं कपाळावरचा घाम बाहीला पुसला. "आणि 'तुम्ही ठरवा' म्हणताना ती जे तोंड करते, ते बघून कुणाची छाती आहे ठरवायची? बाबा होते तेव्हा ते 'बघू' म्हणायचे. ते गेले, आता आपण म्हणतो. हे भिजत घोंगडं आपल्याला वारशात मिळालंय, बाकी काही मिळालं नसलं तरी."

धाकटी हसली नाही. ती पॅनेलच्या कडेवरून हात फिरवत होती. "सरळ लावलीस."

"मग काय. वाकडं काम माझ्या घरासमोर नको." तो उठून बसला. "माझ्या कारखान्यामागे एक शेड आहे. तिथे आडोसा करून देता येईल. भुसा उडतो, पण सवय होते."

"सत्तराव्या वर्षी भुशाची सवय?"

"मग तू सांग. तुझ्याच सरासरीनं ही वेळ आणली."

तो हे रागानं बोलला नव्हता. ते खरं होतं, म्हणून लागलं.

*

दुपारी तीनला सगळे सभागृहात जमले. घरी बसलं असतं, पण घरी मशिनं चालू होती आणि दोन बायका कामाला होत्या. सूनबाईला हे बोलणं त्यांच्यासमोर नको होतं. दादानं चार खुर्च्या मंचाजवळ गोल मांडल्या. भिंतीपलीकडे काकांच्या खोलीत रेडिओ लागला होता, हळू आवाजात. पाचवी खुर्ची कुणी मांडली नाही, हे सूनबाईच्या लक्षात आलं. तिनंही मांडली नाही.

चौदा वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा काका सभागृहात राहतात ही गोष्ट कुणी तिला सांगितली नव्हती. विहीर कुठे आहे हे जसं कुणी सांगत नाही, तसं. डबा रोज दोनदा जायचा. पहिली काही वर्षं तिला वाटलं होतं, कधीतरी मोठं भांडण झालं असणार. मग कळलं, तसलं काही नव्हतं. मधली खोली तिला लग्नानंतर पाच वर्षांनी मिळाली, एक मशिन ठेवायला. आता पाच होती. ती खोली आपण कुणाची तरी हिसकावून घेतली असं तिला एकदाही वाटलं नव्हतं, आणि आज इथे बसलेल्या प्रत्येकाच्या नजरेत आपण हिसकावून घेणारी आहोत असंही तिला वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं.

"मी आधीच सांगते," ती म्हणाली, "म्हणजे मागून कुणी म्हणायला नको. मला काकांचं काही वाईट वाटत नाही असं नाही. पण माझी मशिनं उचलून ठेवायला दुसरी जागा नाही. दोन बायांचं घर त्यावर चालतं, माझं सोडा."

"तुला कुणी काही म्हटलंय का?" दादा म्हणाला.

"म्हटलं नाही, म्हणून तर. तुम्ही म्हणत नाही, आई म्हणत नाहीत, सगळे तोंडात मूग धरून बसतात आणि शेवटी वाईट मी होते."

"अगं, मी शेडचं बघतोय ना."

"शेड?" सूनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुमची ती भुशाची शेड? तिथे कोंबडी ठेवली तरी खोकेल. काकांना शेडमध्ये टाकलंत तर गाव तुम्हाला काय म्हणेल ते सोडा, मीच म्हणेन."

"मग तुझ्या मनात काय आहे?"

"माझ्या मनात काही नाही. मला फक्त माझी खोली आहे आणि शेड नको, एवढं माहीत आहे."

धाकटीला या उत्तराचं कौतुक वाटल्यासारखं दिसलं. निदान त्यात काय आहे आणि काय नाही हे स्पष्ट होतं.

आई खुर्चीच्या कडेवर बसली होती, हात मांडीवर. "गावात मास्तरांच्या शेजारी एक खोली रिकामी आहे म्हणतात," ती म्हणाली.

"भाड्यानं?" धाकटीनं विचारलं. "स्वतःचं घर असताना?"

"मी नुसतं सांगितलं. ठरवा तुम्ही."

दादानं बहिणीकडे पाहिलं, बघ, मी म्हटलं नव्हतं का, अशा नजरेनं.

"तिथे तरी काय," सूनबाई म्हणाली, "पाणी कोण भरणार? इथे हौद जवळ आहे, तरी त्यांचे गुडघे बोलतात. आणि हट्ट किती. गेल्या आठवड्यात रोज आठ-आठ बादल्या नेत होते. मी म्हटलं, काका, हत्ती पाळलाय का आत? तर म्हणाले, फरशी पुसतो. आठ बादल्यांत तर हे सभागृह पुसून होईल."

"कधीपासून?" धाकटीनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"बादल्या. कधीपासून नेत होते?"

"झाले असतील आठ-दहा दिवस. कापडाच्या गठ्ठ्यांची तीन गोणपाटंही माझ्याकडून मागून नेली. म्हणाले, जरा लागतायत."

धाकटी उठली. खुर्चीचा पाय फरशीवर घासला आणि पलीकडच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बंद केला.

*

वही तापमापकाखाली खिळ्याला दोऱ्यानं बांधलेली होती. काकांचं अक्षर लहान आणि सरळ होतं. चार रकाने, बारा ओळी. सरासरी काढताना तिनं रकाने पाहिले होते. ओळी पाहिल्या नव्हत्या.

काकांची खोली, पहिला दिवस: तीस पॉइंट दोन. दुसरा: तीस पॉइंट पाच. तिसरा: तीस पॉइंट एक. चौथ्या दिवशी सव्वीस पॉइंट चार, आणि पुढचे सगळे दिवस त्याच्या आसपास. मंचामागच्या सामानघराचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत साडेतीसच्या आगेमागे होता. बाहेरचं ऊन बाराही दिवस सारखंच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी फोनवर विचारलं होतं, हे आकडे कशासाठी? तिनं सांगितलं होतं. सगळ्यात थंड खोली बॅटऱ्यांना द्यायची आहे.

"गोणपाटं कुठे आहेत?" तिनं विचारलं.

काका खाटेवर बसले होते. त्यांनी पायानं खाटेखाली इशारा केला. घडी घालून ठेवलेली होती, अजून दमट.

"खिडकीला ओली करून लावत होतात."

"हो."

"आठ बादल्या. या गुडघ्यांनी."

"कधी नऊ." काका म्हणाले. "आकडे खोटे नाहीत हं. जेवढा पारा होता तेवढाच लिहिलाय."

"आकडे खोटे नाहीत. खोली खोटी आहे." ती खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली. "तुम्ही इथून गेलात आणि गोणपाटं निघाली, की ही खोलीही सामानघराएवढीच तापणार. मग काय उपयोग?"

"उपयोग तुझ्या बॅटऱ्यांचा मी बघितला नाही, हे खरं आहे."

एक माणूस आपल्याच बिऱ्हाडाविरुद्ध पुरावा गोळा करतो, तोही पाणी वाहून, पारा वाचून, सुवाच्य अक्षरात लिहून. कशासाठी, हे तिला विचारावं लागलं नाही.

"नुसतं सांगायचं होतं," ती शेवटी म्हणाली. "घरी यायचंय म्हणून."

"कुणाला?"

"आईला. दादाला. मला."

"पोरी, कुणी जा म्हटलं असतं तर मी परत येतो म्हणू शकलो असतो. मला कुणी जा म्हटलंच नाही. मीच आपणहून आलो, बाळंतिणीला त्रास नको म्हणून. आता काय सांगून परत जाऊ?" त्यांनी गुडघा चोळला. "खोलीची गरज लागली असती तर गोष्ट आपोआप झाली असती. कुणाला कुणापुढे वाकायला नको."

"मला त्यांना सांगावं लागेल. सामानघर तेवढंच चांगलं आहे, आणि तिथून कुणाला हलवायचं नाही."

"सांग. ते तुझं कामच आहे."

"मग तुम्ही इथेच राहाल."

"राहीन. एवढी वर्षं राहिलो. फक्त गोणपाटांचं सांगू नकोस. हसतील."

*

आईनं लेकीला परत येताना पाहिलं आणि तिच्या चालण्यावरूनच ओळखलं, काहीतरी बदललंय. ही लहानपणापासून अशी. गणित सुटलं की आधी हळू चालायची.

"खोली नको," धाकटी उभ्यानंच म्हणाली. "बॅटऱ्या सामानघरात ठेवू. वरच्या बाजूला दोन झरोके पाडायचे, दादा, एक या भिंतीला, एक त्या. काम एका दिवसाचं."

"पण अहवालात तर..."

"अहवाल चुकला. मी सरासरी काढली, रोजचे आकडे पाहिले नाहीत. दोन्ही खोल्या सारख्याच आहेत. माझी चूक. मास्तरांना मी सांगेन."

दादानं श्वास सोडला. तो इतका मोठा होता की सगळ्यांना ऐकू आला, आणि त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. "म्हणजे काका आहेत तिथे राहतील."

"राहू शकतील."

"चला. सुंठीवाचून खोकला गेला." तो उठायला लागला. "झरोके मी आजच आखून घेतो."

आई उठली नाही. ती लेकीचं तोंड बघत होती. सुटका झालेल्या माणसाचं ते तोंड नव्हतं. आठ बादल्या, तीन गोणपाटं, चुकलेले आकडे. आईनं शाळा चौथीनंतर पाहिली नव्हती, पण उन्हाळ्यात ओली गोणपाटं खिडकीला का लावतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. भाऊजी ताकाला जाऊन भांडं लपवणारे पहिल्यापासूनच. भूक लागली तरी पान वाढलंय का असं विचारायचे नाहीत, स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन आज ऊन फार आहे म्हणायचे.

भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. मुलगी दोन महिन्यांची झाली तेव्हा नवरा म्हणाला, भाऊला बोलावू या आता. ती म्हणाली, पोरीला जरा मान धरू दे. मग दात, मग चालणं. खोलीत तिचं स्वतःचं असं काहीतरी सुरू झालं होतं. दुपारी दार लोटून ती तासभर पडायची, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तो तास तिचा होता. दारात दुरुस्तीचा रेडिओ घेऊन उभी राहणारी माणसं नव्हती, डागाचा धूर नव्हता. आपल्याला हे आवडतंय हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. तो बघू म्हणत राहिला, ती बघू दे म्हणत राहिली. मग इतकी वर्षं गेली की बोलावणं म्हणजे आजवर बोलावलं नाही हे कबूल करणं झालं. डबा मात्र तिनं एक दिवस चुकवला नाही. वाढलेला डबा आणि न बोललेला शब्द यांचा हिशोब एकमेकांत वळता होत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"एक विचारू का?" सूनबाई म्हणाली. ती अजून बसलेलीच होती आणि धाकटीकडे बघत होती. "काकांच्या खोलीत वीज दिवसभर राहील?"

"राहील. इन्व्हर्टर लागूनच आहे. सगळ्यात आधी तिथेच."

"पाच मोटारीची मशिनं चालतील? एकदम?"

धाकटीनं मनात आकडा मांडला. "चालतील. इस्त्री दुपारी अकरा ते तीनमध्येच लावायची, ऊन असेल तेव्हा. बाकी काही नाही."

"घरी तर दिवसातले चार तास आम्ही पायानंच मारतो," सूनबाई म्हणाली. "आणि ती खिडकी उत्तरेची आहे. दिवसभर सारखा उजेड. सुईत दोरा ओवायला दिवा लागणार नाही. शिवणवर्गाच्या मुलींनाही घरापर्यंत यायला नको."

दादा अर्धवट उठलेला होता तो तसाच थांबला. "तू काय म्हणतेस?"

"मी शिवणाचं म्हणतेय. समितीला शंभर-दोनशे भाडंही देईन, फुकट नको मला."

"आणि मधली खोली?"

"ती मग रिकामी होईल." सूनबाईनं मांडीवरचा दोऱ्याचा तुकडा उचलला आणि बोटाला गुंडाळला. "पुढचं मी बोलणार नाही. ते माझं नाही. मी बोलले तर ती सोय होईल. ती सोय नाहीये."

कुणी आईकडे पाहिलं नाही. तिघांनीही मुद्दाम पाहिलं नाही, आणि ते तिला समजलं.

बाहेर सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. मास्तर वेळेच्या आधी आले होते. ते दारात येऊन थांबले, आतली माणसं कुटुंबासारखी बसली आहेत हे पाहून पुन्हा बाहेर गेले आणि घसा खाकरून पायरीवर बसले. त्याच वेळी खोलीचं दार उघडून काका आले, वजनकाटा दोन्ही हातांत धरून.

"डॉक्टरीणबाईंचा काटा झालाय," ते म्हणाले. "मास्तरांकडे देतो. आता पाच किलोचे पाच किलोच दाखवतो." मग मांडलेल्या चार खुर्च्यांकडे पाहून म्हणाले, "झालं का तुमचं? मी नंतर येतो."

"थांबा," आई म्हणाली.

काका थांबले. काटा जड होता, पण त्यांनी तो खाली ठेवला नाही.

आई उठली. इतकी वर्षं हे वाक्य तिनं अनेक प्रकारे मनात मांडलं होतं. कधी नवऱ्याच्या तोंडी, कधी मुलाच्या. कधी एखाद्या आजारपणाच्या आडून. आता आडोसा उरला नव्हता. बॅटऱ्यांना खोली नको होती, मशिनं होती तिथेही चालली असती, आणि भाऊजींनी कुठेही जाण्याची कुणालाच काही गरज राहिली नव्हती.

"भाऊजी, उद्या सकाळी हा सामान आणायला येईल," ती म्हणाली. तिनं दादाकडे हात केला, पण डोळे काकांवरच होते. "बॅटऱ्यांसाठी नाही आणि मशिनांसाठीही नाही. मी तुम्हाला परत बोलवायला हवं होतं, ते बोलवलं नाही. मला ती खोली आवडायला लागली होती. आता तुम्ही घरी राहायला यायचं, मधल्या खोलीत, कायमचं. हे मी ठरवलंय."